न जुळणारी सोयरीक

खिशातल्या प्लेअरमध्ये हजारभर गाणी असतात, गाडीच्या स्टिरिओला चार दणदणीत स्पीकर असतात, आणि या दोघांमध्ये अंतर असते ते जेमतेम हातभर. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी गुणी आहेत. प्लेअर कानात सुरेल गातो, स्टिरिओवर रेडिओ लावला तर तोही खणखणीत वाजतो. दुखणे सुरू होते ते या दोघांची सोयरीक जमवायला गेल्यावर, आणि दर वेळी घोळ घालतो तो मध्यस्थ.

माझा पहिला मध्यस्थ म्हणजे कॅसेट अडॅप्टर. हा दिसतो कॅसेटसारखाच, पण पोटात फीत नसते. फितीच्या जागी एक छोटे चुंबकीय हेड असते आणि कोपऱ्यातून एक वायर बाहेर आलेली असते. ती वायर प्लेअरला लावली की गाण्याच्या विद्युतलहरींनी त्या हेडपाशी बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि स्टिरिओचे फीत वाचणारे हेड, समोरून फीतच सरकते आहे अशा भाबड्या समजुतीने, ते गाणे वाचू लागते. कॅसेट १९६३ साली आली आणि ॲपलचा खिशातला प्लेअर, म्हणजे आयपॉड, २००१ साली. मधली अडतीस वर्षे एवढीशी डबी बुजवून टाकते, याबद्दल मला तिच्याविषयी आजही आदर आहे. मात्र ऑटो-रिव्हर्सवाला डेक स्वभावाने संशयी असतो. आतली चाके मनासारखी फिरेनात की फीत संपली असे ठरवून तो खटकन बाजू बदलतो, पुन्हा संशय आला की पुन्हा बदलतो, आणि अगदीच विश्वास उडाला की कॅसेट बाहेर ढकलून मोकळा होतो. शिवाय ती वायर नेमकी गिअरच्या दांड्याला वेढा घालून बसते, त्यामुळे दुसरा गिअर टाकला की प्लेअर मांडीवरून थेट पायाशी जातो.

एफएम ट्रान्समीटरबद्दल फार बोलण्यासारखे नाही. तो प्लेअरची गाणी स्वतःच्या चिमुकल्या केंद्रावरून प्रसारित करतो आणि आपण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रिकामी जागा शोधत बसतो. जागा सापडतेही, पण गाडी चालण्यासाठी असते, आणि दहा-वीस किलोमीटर पुढे गेल्यावर तीच जागा एखाद्या बलाढ्य केंद्राच्या मालकीची निघते. मग विरहगीत ऐन रंगात आलेले असताना त्यात शेअर बाजाराचे भाव मिसळतात.

ऑक्सची, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज वायरीने आत घेणारी, खाच असलेला स्टिरिओ आला तेव्हा वाटले, सुटलो. साडेतीन मिलिमीटरची पिन इकडे, साडेतीन मिलिमीटरची पिन तिकडे, यात बिघडण्यासारखे आहे काय? आहे. पिन केसभर कमी आत गेली आणि तिचा अर्थचा, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेचा, भाग नीट टेकला नाही, तर स्पीकरमधून डाव्या आणि उजव्या बाजूंमधला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच ध्वनिमुद्रित केलेला असल्यामुळे वजाबाकीत तोच नेमका उडतो. तबला वाजतो, व्हायोलिने वाजतात, आणि ज्यांच्यासाठी गाणे लावले ते गायक मात्र दूर विहिरीच्या तळाशी उभे असावेत असे वाटते.

पिन नीट बसली तरी प्लेअरची बॅटरी संपायची राहत नाही. म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर लावावा, तर गाण्यामागे एक बारीक शिट्टी सुरू होते. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी वरच्या पट्टीत जाते, पाय काढला की खाली येते. घाटात तर ती स्वतंत्र ताना घेते. चार्जरच्या आणि ऑक्सच्या अशा दोन वाटांनी प्लेअर गाडीच्या अर्थला जोडला जातो, त्याचे एक वेटोळे तयार होते आणि इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरची कुरकुर त्यातून थेट स्पीकरपर्यंत पोहोचते. जाणकार याला ग्राऊंड लूप म्हणतात आणि मध्ये एक आयसोलेटर बसवायला सांगतात. आयसोलेटर म्हणजे दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असलेली डबी. त्याने शिट्टी खरोखर जाते. मात्र डबी स्वस्तातली असली तर जाताना ढोलाचा घुमाराही बरोबर घेऊन जाते.

ब्लूटूथला वायर नसते, हे त्याचे मोठेपण. पण माझ्या जुन्या प्लेअरला ब्लूटूथच नसल्यामुळे त्याच्यासाठी वेगळा ट्रान्समीटर घ्यायचा, तो चार्ज करायचा, आणि गाडी सुरू होताच स्टिरिओने मागच्या सीटवरच्या कुणाच्यातरी फोनशी परस्पर संधान बांधलेले पाहायचे, एवढाच कार्यक्रम उरतो.

उरली यूएसबी. हिच्यात खरखर नाही, शिट्टी नाही, बॅटरीही भरत राहते. फक्त पुष्कळ स्टिरिओ आयपॉड जोडताच कुणाला न विचारता वर्णानुक्रमाने पहिले येणारे गाणे सुरू करतात. रोज सकाळी तेच गाणे, त्याच सुरावटीपासून. हा जाच जगभर इतका पसरला की २०१७ साली एका गृहस्थाने सुमारे दहा मिनिटांची निखळ शांतता गाणे म्हणून विकायला ठेवली आणि यादीत तिचा पहिला नंबर लागावा म्हणून नावाच्या सुरुवातीला इंग्रजी ‘ए’ची रांगच लावली. ते गाणे खपले. मीही घेतले आहे, आणि तेवढ्या वेळात हवे ते गाणे निवांत शोधून होते. फक्त शेजारी बसलेला पाहुणा दोन मिनिटे वाट पाहून हळूच विचारतो, “अहो, अजून जोडलं नाहीत का?”