छोटा फोन कामाच्या माणसाचा नाही म्हणे? एकेक मुद्दा बघू

सेल्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज धो धो फिरतोय. "फिरतीचं काम असेल तर छोटा फोन चुकूनही घेऊ नका. बॅटरी दुपारीच बसते, एक्सेल दिसत नाही, दोन वर्षांत जुना होतो, आणि चालत नाहीत म्हणून कंपन्यांनी ते बनवणंच बंद केलंय." यातलं थोडं खरंय, बरंचसं आता लागू नाही, आणि मुंबईत फिरणाऱ्याला जे सगळ्यात महत्त्वाचं ते यात आलेलंच नाही.

आधी बॅटरी घेऊ, कारण लोक त्यालाच घाबरतात. ही भीती बसली आयफोन १२ मिनीसारख्या फोनमुळे, २०२० चा, ५.४ इंची, बॅटरी २,२२७ एमएएच (हा आकडा मोठा तितका चार्ज जास्त), तो दिवसभर फिरणाऱ्याला पुरायचा नाही हे मान्यच. पण त्याच्यावरून आज निकाल कसा लावणार? २०२५ मध्ये भारतात आलेला वनप्लस १३एस ६.३२ इंची, त्यात ५,८५० एमएएच, विवो एक्स२०० एफई जवळपास तेवढाच आणि त्यात ६,५००, आणि सॅमसंगच्या एस२४ अल्ट्रासारख्या थोराड फोनमध्ये किती, तर ५,०००. सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या आल्या, तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावायला लागला, शिवाय छोट्या स्क्रीनला वीजही कमी लागते. त्यात लोकल पळत असताना फोन सारखा टॉवर बदलतो, रेंज पडली की अजून जोर लावतो, तिथे मोठ्या फोनचीही बॅटरी उतरतेच की. हां, सॅमसंगच्या साध्या एस२४ मध्ये ४,००० च आहे आणि चार्जिंग २५ वॉटचं, दिवसभर हॉटस्पॉट चालू ठेवणाऱ्याने तो पॉवरबँकेशिवाय घेऊ नये.

बनवणं बंद केलं हे अर्धंच खरं. ॲपलने २०२२ मध्ये आयफोन १४ आणला तेव्हा त्यात मिनी काढलाच नाही, त्याजागी मोठा प्लस आणला, ५.४ इंची फोन गेला तो गेलाच, मला त्याचं वाईटही वाटतं. पण ६.२-६.३ इंचाचे चांगले फोन दुकानात आहेत, वर नावं दिलीच आहेत.

दोन वर्षांत जुना? एस२४ ला सात वर्षं अपडेट मिळणार, अल्ट्रालाही तेवढेच. साइजचा काय संबंध.

एक्सेलचं मात्र नीट बघा. एस२४ ची रुंदी ७०.६ मिलिमीटर, एस२४ अल्ट्राची ७९. वीस कॉलमची स्टॉकची शीट त्या जास्तीच्या आठेक मिलिमीटरात वाचता येते का? इथेही झूम करायचं आणि तिथेही झूमच करायचं. शीटवर खरंच काम करायचं तर लॅपटॉप, नाहीतर एस२४ केबलने ऑफिसच्या मॉनिटरला लावा, डेक्स, म्हणजे फोन मॉनिटरवर कॉम्प्युटरसारखा वापरायची सॅमसंगची सोय, त्यातही चालतं. पण चाळिशी लागलेल्यांना, फॉन्ट मोठा करून वाचणाऱ्यांना, क्लायंटला फोनवरच कॅटलॉग दाखवणाऱ्यांना मोठा स्क्रीनच बरा, तिथे वाद नाही.

आता मेसेजात नसलेली गोष्ट. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये एक हात वरच्या कडीला, बॅग पोटाशी, उरला एक हात. क्लायंटचा मेसेज येतो, "रेट कन्फर्म करा". अंगठा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत असेल तर बोरिवलीच्या आधी उत्तर जातं, नाहीतर फोन तळहातावर वरखाली सरकवत बसायचं आणि धक्का लागला की तो थेट कोणाच्या तरी बुटाखाली. एस२४ भरतो १६७ ग्रॅम, अल्ट्रा २३२, म्हणजे जवळजवळ पाव किलो, तो शर्टाच्या खिशात ठेवून वाकून तर बघा. दारात उभं राहून कुठलाच फोन काढू नये, फटका गँग हातावर काठी मारूनच फोन पाडते, पण आत गर्दीत एका हाताची पक्की पकड हीच कामाची. दिवसातले दोन-तीन तास उभ्याने जाणाऱ्या माणसाला टेबलावर बसून काढलेला निष्कर्ष कशाला सांगता?

छोट्या फोनचा एक खरा तोटा मेसेज लिहिणाऱ्याला सुचला नाही, तो म्हणजे तापणं. अंग लहान, उष्णता बाहेर पडायला जागा कमी, त्यामुळे मे महिन्यात तासभर व्हिडिओ कॉल आणि सोबत चार्जिंग असं केलं की तो लवकर गरम होतो आणि मंदावतो. ज्यांचं काम अशा कॉलवरच चालतं त्यांनी सरळ मोठा घ्यावा. बाकीच्यांनी दुकानात डेमो फोनला कव्हर घालायला सांगा, दुसरा हात खिशात ठेवा आणि फक्त अंगठ्याने वरची नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढता येते का बघा.