दोन पॅनल, गाडीची जुनी बॅटरी आणि लशींचा सत्यानाश

माझा आतेभाऊ आणि त्याची मित्रमंडळी एका दुर्गम वस्तीतल्या दवाखान्यासाठी पैसे गोळा करताहेत. काल त्याने मोठ्या उत्साहाने एक फॉरवर्ड पाठवला: ‘दवाखान्याला वीज हवी? दोन सोलर पॅनल, गाडीची जुनी बॅटरी, एक इन्व्हर्टर. दिवे, लशींचा फ्रिज, ऑक्सिजनचं मशीन, सगळं आयुष्यभर फुकट!’ आता या मेसेजवर भरवसा ठेवून खरेदी होणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी फ्रिज, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच. मेसेज म्हणतो, ‘घरगुती फ्रिज चालेल. लशी बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवा, वीज गेली तरी चिंता नाही.’ दवाखान्यातल्या नेहमीच्या लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी यांच्या लशींत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. वितळल्यावर कुपी वरवर पाहता पहिल्यासारखीच दिसू शकते. म्हणजे बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते, आणि संरक्षण मिळालेलंच नसतं. (तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीला गोठणं चालतं, तेवढं खरं. पण फ्रिजमध्ये एकटी तीच नसते ना!) यासाठी थेट सूर्यप्रकाशावर चालणारे लशींचे खास फ्रिज मिळतात. दिवसा कॉम्प्रेसर चालतो, आतल्या अस्तरात बर्फ साठतो, आणि ऊन नसलं तरी किमान तीन दिवस तापमान टिकतं. त्याला बॅटरी लागतच नाही. मेसेज लिहिणाऱ्याला याचा पत्ताच नाही.

आता ऑक्सिजन. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॅट-तास. गाडीची बॅटरी लेड-अॅसिड प्रकारची; ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती ६००. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर (म्हणजे मेसेजमधलं ‘ऑक्सिजनचं मशीन’) साधारण ३५० वॅट खातो. इन्व्हर्टरचा तोटा धरा, दीड तासात खेळ खलास. मग उरलेली रात्र रुग्णाने काय करायचं? आणि हा हिशोब नव्या बॅटरीचा. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना काही सेकंद मोठा करंट द्यायला बनवलेली असते. रोज खोल डिस्चार्ज केली की तिच्या पातळ प्लेटा काही महिन्यांतच बसतात.

मेसेजमध्ये तथ्य अजिबात नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि आणखी दोन संस्थांच्या जानेवारी २०२३ च्या अहवालानुसार, सुमारे १ अब्ज लोक ज्या आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत तिथे वीज नाही किंवा भरवशाची नाही. सौरऊर्जा हा त्यावरचा लवकर उभा राहणारा उपाय आहे, हेही त्याच अहवालात आहे. एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंगला छोटा संच पुरतो, आणि रात्रीच्या बाळंतपणात तो दिवा लाखमोलाचा. पण देखभालीसाठी पैसा आणि माणूस आधीच ठरवा, असंही तोच अहवाल बजावतो. पॅनल २५ वर्षं टिकेल, बॅटरी नाही.

मेसेजमधल्या ‘जनरेटर कशाला?’ या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. डिझेल पोचत नसेल तर तो शोभेचाच, पण सलग ढगाळ दिवसांत आधाराला असलेला बरा.

आतेभावाला एवढंच कळवलंय: बॅटरीची ऑर्डर थांबव. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून कुठलं यंत्र किती वॅटचं आणि दिवसा-रात्री किती तास चालतं, ती यादी आधी मागव.