जनरेटरला ताप आलाय

माझा चालता जनरेटर शेजारच्या काकांनी परस्पर बंद केला. विचारणं नाही, सांगणं नाही. वर 'वाचवलं तुझं इंजिन' हे ऐकवलं ते वेगळंच. त्या क्षणी मी घरात ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलत होतो. 'तर मुख्य मुद्दा असा आहे की' इथवर माझा आवाज पोचला, मग राउटर गेला. मुख्य मुद्दा काय होता हे नंतर एकानेही विचारलं नाही, याची बोच अजून आहे. पण ते जाऊ दे.

वीज गेलेली, काम अडलेलं, म्हणून जनरेटर बाहेर काढला. लहान, पेट्रोलवर चालणारा, दोन किलोवॅटचा. 'उचलून नेता येतो' असं खोक्यावर लिहिलंय आणि शेजारी एका हाताने तो उचलणारा हसरा माणूस छापलाय. मला दोन हात आणि अख्खी कंबर लागते, आणि हसू येत नाही. हे धूड घरात लावता येत नाही, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. त्यामुळे दारं-खिडक्यांपासून लांब, उघड्यावर ठेवायचं. आणि उघड्यावर ठेवलेल्या यंत्रावर मत द्यायचा अधिकार येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपोआप मिळतो. वाहनाचं बॉनेट उघडून उभं राहिलं की माणसं जमतात ना, तशीच.

काका आले. हात मागे बांधून एक प्रदक्षिणा घातली. मग तळवा सायलेन्सरच्या वीतभर अंतरावर धरून झटकन मागे घेतला.

"अरे, हा तापलाय!"

"इंजिन आहे काका. तापणारच."

"लोड किती टाकलायस?"

"दोन दिवे, राउटर, लॅपटॉप. शंभर वॅट फार तर."

"दोन हजारांच्या मशीनवर शंभर? मग ताप कसला? काम ना धाम, आणि अंगात ताप?" हे म्हणताना त्यांनी जनरेटरकडून नजर माझ्याकडे वळवली आणि तिथेच ठेवली.

"तीस वर्षं कारखान्यात काढलीयत मी," ते म्हणाले. खरं आहे ते. हजेरी विभागात काढलीयत. कारखान्यातल्या ज्या एका यंत्राशी त्यांचा रोजचा संबंध होता, ते कार्ड पंच करायचं.

मी मीटिंगची वेळ झाली म्हणून आत वळतोय तोवर काका घरी जाऊन ती पांढरी बंदूक घेऊन आले. 2020 साली घरोघरी घेतलेली, कपाळावर रोखायची, तापाची. या बंदुकीचा जीव लहान असतो. माणसाच्या अंगाला जेवढा ताप चढू शकतो तेवढाच तिला मोजता येतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या वर गेलं की ती आकडे सोडून देते, पडद्यावर 'हाय' लिहिते, लाल होते आणि टीं टीं ओरडते.

काकांनी ती सायलेन्सरवर रोखली. टीं टीं टीं.

"हाय!" त्यांनी मोठ्याने वाचलं.

सिलिंडरवरच्या पट्ट्यांवर रोखली. टीं टीं टीं. "इथेही हाय!"

पेट्रोलच्या टाकीवर रोखली. "छत्तीस पॉइंट आठ. टाकी नॉर्मल आहे." मग हँडलवर, चाकावर, जमिनीवर. मग मी जवळच होतो म्हणून माझ्या कपाळावर. "सदतीस पॉइंट चार. तुलाही कणकण आहे रे. जपत जा."

मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, काका, सायलेन्सर काहीशे अंशांवर असतो, सिलिंडरचं डोकं शंभराच्या बरंच वर असतं आणि ते तसंच असायला हवं. आपल्या हाताला पन्नास अंशांतच चटका बसायला लागतो, साठाच्या वस्तूला धरून ठेवता येत नाही. त्यामुळे हाताने इंजिन मोजणं म्हणजे... पण काकांनी मला मध्येच थांबवलं. त्यांना आकडे नको होते. आकडा त्यांच्याकडे आधीच होता. हाय.

वास्तविक हलक्या लोडवर इंजिन भरल्या लोडपेक्षा गारच चालतं. उष्णता येते पेट्रोल जळून. लोड कमी म्हणजे वेग सांभाळणारा गव्हर्नर हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं दार बरंचसं मिटवून घेतो, आत मिश्रण कमी जातं, उष्णता कमी निघते. आणि वारा घालणारा पंखा तर फ्लायव्हीललाच, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकालाच असतो. फ्लायव्हील त्याच वेगाने फिरतंय म्हणजे वाराही तेवढाच. जळण कमी, वारा तितकाच. पाण्याने गार होणाऱ्या इंजिनाला थर्मोस्टॅट तरी असतो, 'बास, एवढं गार पुरे' म्हणणारा. या बिचाऱ्याला तोही नाही.

पण गार म्हणजे मानवी अर्थाने गार नव्हे, हे कोणी समजूनच घेत नाही. रिकामं चाललं तरी ते पेट्रोल पितंच. स्वतःचं घर्षण, स्वतःचा पंखा, हवा ओढण्याची धाप, हे सगळं आधी भागवायचं आणि मग आपल्याला शंभर वॅट द्यायचे. लीटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. असलं लहान मशीन भरल्या लोडवर त्यातला पाचवा हिस्सा वीज म्हणून देईल तर नशीब. हलक्या लोडवर शंभरातले दोन-चार. बाकीच्यावर हवा तापते. ती हवा काका तळव्यावर घेत होते आणि तिचे पैसे मी भरत होतो.

मी आत गेलो. खिडकीतून दिसलं, काकांनी टेबलफॅन आणला होता. बोर्डवर जागा नव्हती (का नव्हती ते पुढे येईल), म्हणून त्यांनी माझ्या बाहेरच्या दिव्याची पिन काढून तिथे पंख्याची घातली. म्हणजे जनरेटरला वारा घालायला पंखा, आणि पंख्याला वीज त्याच जनरेटरची. तोही ठेवला कुठे? इंजिनातून तापलेली हवा ज्या बाजूने बाहेर फेकली जाते, बरोबर तिच्यासमोर, तोंड आत करून. आतला पंखा हवा बाहेर ढकलतोय, काकांचा पंखा तीच परत आत. मी मीटिंगमधून हातवारे करत होतो. काकांना वाटलं, आभार मानतोय. त्यांनी हात हलवला.

पाच मिनिटांनी पुन्हा बंदूक. साहजिकच, हाय. मग ओलं पोतं टाकण्याची भाषा सुरू झाली. तापलेल्या अॅल्युमिनियमवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, आणि खाली विजेचं सॉकेट आहे, हे ओरडून सांगायला मी म्यूटचं बटण शोधत होतो, तेवढ्यात काकांनी स्विच बंद केला. पुढचं सांगितलंच आहे.

बरं, बंद केला तर केला. परत चालू करायलाही स्वतःच गेले. इंजिन गरम असताना चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोल वाढवणारी कळ, ओढायचा नसतो. काकांनी पूर्ण ओढला आणि दोरी ओढत राहिले. पेट्रोलचा भपकारा घरात आला तेव्हा मी मीटिंगचा नाद सोडून बाहेर आलो.

ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग खोलला. टोकावर कोरडी, काळीकुट्ट काजळी, नखाने खरवडली तर नखात भरली, आणि वरून आताच्या चोकचं ओलं पेट्रोल. ऑइल मोजायची डिपस्टिक काढून हुंगली, तर ऑइललाही पेट्रोलचा बारीक वास. मी तो प्लग काकांच्या पुढ्यात धरला. म्हटलं, हे बघा. प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर गेलं तरच काजळी जळून जाते. त्याखाली राहिलं की साठत जाते. सतत हलका लोड, म्हणून मिश्रण नीट जळत नाही, ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही. डिझेलच्या जनरेटरची तर याहून वाईट अवस्था होते. न जळलेलं डिझेल काळ्या तेलकट रसासारखं धुराड्यातून ओघळतं, आणि म्हणून त्यांना निदान तीस टक्के लोड द्या असं सांगतात. आजार आहे तो न तापण्याचा, काका.

काकांनी प्लगवर बंदूक रोखली. "लो दाखवतंय," ते म्हणाले. "म्हणजे बंद केल्याचा फायदा झाला."

प्लग पुसला, घासला, बसवला. सुरू झाल्यावर काजळी जाळायची म्हणून मी मुद्दाम इस्त्री लावली. हजार वॅट. इंजिन क्षणभर दबलं, गव्हर्नरने दार उघडलं आणि आवाज जाड झाला. काका चार पावलं मागे सरकले. "आता फुटणार हा!" आजूबाजूच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. कसली इस्त्री, कुठे लोड, अशी चौकशी झाली आणि थोड्याच वेळात एक काकू हातावर शर्ट टाकून आल्या. "चालूच आहे इस्त्री, तर एवढे दोन..." दोन म्हणाल्या. मोजले मी. पुढे चादरीही आल्या.

इथे मला खरोखर राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. बोर्डवर जागा नव्हती ती यांच्या मोबाइलमुळे. एकालाही मी बोलावलं नव्हतं. 'लोड कमीच आहे ना, मग काय बिघडतं' म्हणत एकेक चार्जर येऊन खोचला गेला. त्यात काकांचाही होता. जनरेटर बंद करताना काकांनी स्वतःचा फोन आधी काढून घेतला होता, शंभर टक्के झाला म्हणून. हे मला नंतर कळलं. पेट्रोल कोणी आणलं, ऑइल कोण बदलतं, दोरी ओढून खांदा कोणाचा दुखतो, हे एकाही माणसाने विचारलं नाही. ताप मात्र सगळ्यांनी मोजला. मी मनातल्या मनात एक जळजळीत संदेश तयार केला, सगळ्यांना पाठवायचा. पण राउटर अजून सुरू व्हायचा होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ डोकावले. आवाजाचा त्रास होतोय म्हणाले. जरा हळू चालवता येईल का?

मी मान वर करून, शक्य तितक्या सभ्यपणे सांगितलं, की नाही येत. लोड असो वा नसो, हे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरेच मारणार. सेकंदाला पन्नास फेरे, म्हणून पन्नास हर्ट्झची वीज. वेग कमी केला तर हर्ट्झ कमी होतात. लोड बघून हळू होणारे इन्व्हर्टरवाले जनरेटर असतात, पण ते महाग, माझा तसला नाही.

त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. काकांनीही ऐकलं, मान डोलावली, वर बघून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. पन्नासला आवाज होणारच." आणि मग माझ्याकडे वळून, समजुतीच्या सुरात, "पण आपल्याला पन्नास लागतात कशाला रे? लोड तर एवढासा. 40 वर चालव."