रस्त्याखाली गेलेल्या २५ लाख प्रती

प्रेमकादंबऱ्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास ऐकवतं : “इंग्लंडमध्ये त्यांचा लगदा करून रस्त्याखाली घातलाय. लायकीच ती. सगळ्या एका साच्यातल्या, शेवट ठरलेला, लिहिणाऱ्या बायकांना स्वतःचं नाव द्यायचीही लाज वाटते.”

रस्त्याची गोष्ट खरी आहे. २००३ साली सुरू झालेल्या एम-६ टोल रस्त्याच्या थरात मिल्स अँड बून या प्रेमकादंबऱ्यांच्या ब्रिटिश प्रकाशनाच्या सुमारे २५ लाख जुन्या प्रतींचा लगदा गेला. पण एवढा कागद रद्दीत निघतो कसा, हे कुणी विचारत नाही. मालिकेतली कादंबरी मासिकासारखी विकली जाते. साधारण महिनाभर मांडणीवर, मग नवा गठ्ठा आला की जुना खाली. त्यामुळे विकल्या जातील त्यापेक्षा जास्त प्रती छापाव्याच लागतात. अमेरिकेत तर उरलेली स्वस्त पेपरबॅक परत पाठवायचा खर्चही परवडत नसे. दुकानदार फक्त मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे पाठवायचा, त्यावर पैसे वळते करून घ्यायचा आणि आतली पानं नष्ट करायचा. मुखपृष्ठाविना पुस्तक विकत घेऊ नका, ते चोरीचं असू शकतं, अशी सूचना तिथल्या पेपरबॅकांच्या सुरुवातीच्या पानांवर सापडते ती यामुळेच. आणि ती रहस्यकथांवरही असते, विज्ञानकथांवरही. त्यांची लायकी मात्र कुणी रस्त्यावरून ठरवत नाही.

आता साचा. साचा आहेच. प्रत्येक मालिकेची लांबी ठरलेली, काहींची जेमतेम ५० हजार शब्दांची. कुठे डॉक्टर-नर्स, कुठे इतिहासकाळ, कुठे थरार. शेवट सुखाचा, हाही करारच. पण शेवट माहीत असला की वाचायला उरतं काय, असं विचारणाऱ्याने या कादंबऱ्या वाचलेल्या नसतात. ही दोघं एकत्र येणार हे मला पहिल्या पानावर कळतं. मी बघते ते त्यांच्यामधला अडथळा खरा आहे की खोटा. दोघांनी पाच मिनिटं समोरासमोर बसून बोललं असतं तर मिटला असता असा गैरसमज दोनशे पानं ताणलेला असेल, तर पुस्तक फसलं. उलट तिला जे हवंय आणि त्याला जे हवंय ते एका घरात मावणारच नाही असं मनापासून वाटायला लागलं, तर ठरलेला शेवटही जिंकून घ्यावा लागतो. ही कारागिरी मोजक्याच जणींना साधते. बऱ्याच पुस्तकांत ती नसते, हेही खरं. (७०च्या दशकातल्या कित्येक कादंबऱ्यांत नायकाची जबरदस्तीच प्रेम म्हणून खपवलेली आहे. त्यावरचा राग रास्त आहे.)

आणि साचा हाती असला की पुस्तक आपोआप खपतं म्हणावं, तर साचा सांभाळणाऱ्यांचेच अंदाज चुकलेले आहेत. पुढे अफाट खपलेल्या अमेरिकन लेखिका नोरा रॉबर्ट्सचं लेखन हार्लेक्विन या प्रेमकादंबऱ्यांच्या कॅनेडियन प्रकाशनाने (मिल्स अँड बूनही त्यांचंच) नाकारलं होतं. आमच्याकडे एक अमेरिकन लेखिका आहे, तेवढी पुरे, असं कारण तिला मिळाल्याचं ती सांगते. ती एक म्हणजे जॅनेट डेली. मग १९८० मध्ये सायमन अँड शुस्टरने सिल्हूट ही मालिका काढली, तिथे १९८१ मध्ये नोराची पहिली कादंबरी आली. सिल्हूटची स्पर्धा इतकी जड गेली की १९८४ मध्ये हार्लेक्विनने ती विकतच घेतली.

राहिली नावाची लाज. काहीजणी घरच्यांसाठी, नोकरीसाठी टोपणनाव घेतात, तो त्यांचा प्रश्न. पण हार्लेक्विनमध्ये बराच काळ टोपणनाव ही कराराची अट होती. ते नाव त्या प्रकाशनापुरतंच चालायचं. वीस पुस्तकं लिहून वाचक जोडलेली लेखिका दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली, तर तिथे ती नवखी. जुन्या वाचकांनी तिला शोधायचं कोणत्या नावाने? लेखिकेला बांधून ठेवण्याची ही व्यवस्था होती, आणि तिचा दोष आपण लेखिकेच्या लाजेवर ढकलतो. हार्लेक्विनसारख्यांच्या त्या करारांवर कुणी कडाडून टीका केली, तर मी शब्दही काढणार नाही.