मांडवाने राजवाड्याचं सोंग का घ्यावं?

नाशिकच्या मांडवांनी नाइटक्लबकडून शिकावं असं म्हटलं की लोकांच्या भुवया उंचावतात. दारू आणि धिंगाणा यापलीकडे क्लब कुणी पाहिलेलाच नसतो. पण साध्या सामानातून माणसाला भारून टाकणारी जागा कशी उभी करायची, हे क्लबवाल्यांनी साठ वर्षांपासून मनापासून करून पाहिलंय.

इटलीतल्या फ्लोरेन्सचा 'स्पेस इलेक्ट्रॉनिक' हा क्लब घ्या. १९६९ साली '९९९९' या तरुण आर्किटेक्टांच्या गटाने इंजिन दुरुस्तीच्या जुन्या वर्कशॉपमध्ये तो थाटला. वर पॅराशूट टांगलं, बसायला भंगारातले वॉशिंग मशीनचे ड्रम, बाकी सगळा खेळ प्रोजेक्टरच्या उजेडाचा. १९७१ मध्ये तिथेच चक्क भाजीचे वाफे केले! इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या हासिएन्दा क्लबात (१९८२) नाचायच्या जागेतच खांब होते. डिझायनर बेन केली यांनी ते झाकले नाहीत. कारखान्यात धोक्याच्या जागी असतात तसे काळे-पिवळे पट्टे त्यांवर मारले, आणि तीच क्लबची ओळख ठरली.

आपण नेमकं उलटं करतो. मांडववाले कारागीर नुसत्या नजरेच्या अंदाजाने बल्ल्या उभ्या करतात, सुतळीच्या गाठी मारतात. काय देखणं काम असतं ते! ते सगळं सॅटिनखाली दडपायचं, पुढे प्लायवूडचा सोनेरी राजवाडा, शेजारी एलईडीची भिंत. लोक मोबाइल उंचावतात, रांग पुढे सरकते. अंगाला काही भिडत नाही.

भिडणं म्हणजे काय, हे जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या हौदात, धप्पा (उडी) मारलेल्याला विचारा. वर्षभर बुजवलेली रहाड, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला ती उघडायची, रंगाचं पाणी भरायचं. उडी मारली की कानात पाणी, डोळ्यांपुढे फक्त रंग, वर आलं की ढोलांचा दणका. सजावट शून्य! सण सरला की पुन्हा माती, पुन्हा रस्ता. पेशवाईपासून हे आपल्याकडे आहे.

आता सिंहस्थ कुंभमेळा आलाय. साधुग्रामच्या, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीच्या निमित्ताने तपोवनातली झाडं तोडण्यावरून वाद पेटला, तेव्हा मला हेच खुपत होतं. काही महिन्यांच्या वस्तीसाठी जुनं झाड का जावं? झाडाभोवती मांडव वळवता येतो, आपल्या कारागिरांना ते सहज जमतं. माझी मागणी एवढीच: साधुग्रामचा निदान एक भाग मांडववाले, ध्वनी-प्रकाशवाले आणि आर्किटेक्चरची मुलं यांना एकत्र बसवून रचू द्या. बल्ल्या उघड्या राहू द्या, आणि टेंडरमध्ये सोनेरी कमानी नकोत.