गावकी, भावकी आणि लँड ट्रस्टचं बोर्ड

'निसर्गासाठी केवढं करता हो तुम्ही!' असं कुणी म्हटलं की मला ओशाळल्यासारखं होतं. अमेरिकेतल्या एका छोट्या लँड ट्रस्टच्या बोर्डावर मी सहा वर्षं आहे, अर्थातच बिनपगारी. या सहा वर्षांत झाडं लावली एकदाच, त्यातली निम्मी हरणांनी खाल्ली. बाकीचा वेळ गेला विम्याचे हप्ते, ऑडिटरची पत्रं, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि हद्दीच्या खुणा यांच्यात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. लँड ट्रस्ट म्हणजे मोकळी जमीन मोकळी राखणारी ना-नफा संस्था. काही जमिनी ती विकत घेते, काही दानात मिळतात. पण आमच्याकडे जास्त चालतो तो करार. जमीन मालकाचीच राहते. तो ती कसतो, विकतो, मुलांच्या नावावर करतो. फक्त प्लॉट पाडून घरं बांधण्याचा हक्क कायमचा सोडतो, आणि तो करार पाळला जातोय की नाही हे बघणं ट्रस्टच्या गळ्यात पडतं. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो ना, तसंच काहीसं. मालक बदलला तरी सुटका नाही. हा हक्क सोडल्याबद्दल मालकाला करसवलत हवी असेल तर करार कायमचाच हवा, ही अट इथल्या आयकर कायद्यातच आहे.

आता गंमत बघा. करार कायमचा, आणि तो सांभाळणाऱ्या माझी मुदत तीन वर्षांची. फार तर दुसऱ्यांदा निवडून येईन, तशी मी आलोही.

या कल्पनेच्या मुळाशी चार्ल्स एलियट नावाचा लँडस्केप आर्किटेक्ट आहे. त्याचं म्हणणं साधं होतं: ग्रंथालय लोकांसाठी पुस्तकं सांभाळतं, संग्रहालय चित्रं सांभाळतं, तशी सुंदर जागा सांभाळणारी संस्था का नसावी? त्यातून १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये 'ट्रस्टीज'ची संस्था उभी राहिली. चारच वर्षांनी इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट निघाला. त्याला पहिली जमीन मिळाली ती वेल्समध्ये, फॅनी टॅल्बट या बाईंनी दिलेला समुद्रावरच्या टेकडीचा पाचएक एकरांचा तुकडा. एलियट १८९७ मध्ये गेला, वय ३७. संस्था अजून चालू आहे. त्याच्यामागे सव्वाशे वर्षं कुणीतरी सभेला वेळेवर येऊन बसलं, गणपूर्ती झाली, ठराव लिहिले गेले, म्हणून.

दान घेताना सगळ्यांना उत्साह असतो. आपण विनोबांच्या मुलखातली माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. १९५१ मध्ये पोचमपल्लीला पहिले १०० एकर मिळाले, पुढे पदयात्रेत लाखो एकर कबूल झाले. त्यातली कितीतरी जमीन शेवटपर्यंत वाटली गेली नाही. कुठे कागद नव्हता, कुठे वाद होता, कुठे नुसता खडक. शब्द देणारा मोठ्या मनाचा होता, पण पुढचं सगळं कारकुनी काम कुणाचं होतं?

आमच्याकडेही तेच. करार करणारा मालक सहसा त्रास देत नाही, त्यानेच हौसेने केलेला असतो. अडचण येते ती पुढच्या मालकापासून. त्याने जमीन विकत घेताना तो कागद धड वाचलेला नसतो आणि ओढ्याकाठी त्याला गॅरेज हवं असतं. म्हणून दर वर्षी प्रत्येक जमिनीवर चालत जायचं, ठरलेल्या जागांवर उभं राहून फोटो काढायचे, आधीच्या फोटोंशी ताडून बघायचे, अहवालावर सही करायची. मला बोर्डाच्या कामात हे चालणंच सगळ्यात आवडतं, अगदी पावसातसुद्धा.

आता मुद्दा. हल्ली बोर्डावर कोण घ्यावं याची चर्चा निघाली की एकच यादी निघते: एक वकील, एक हिशेब जाणणारा, एक मोठा देणगीदार, एक सोशल मीडियावाला. नकोत असं नाही. पण आमच्या बोर्डावर रस्ते खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. एका करारात मालकाला भविष्यात एक घर बांधायला जागा राखून ठेवायची होती. नकाशा उत्तम, फोटो उत्तम, सगळ्यांनी माना डोलावल्या. आजोबा म्हणाले, 'हे फोटो ऑगस्टमधले आहेत. एप्रिलमध्ये इथे पाणी साचतं, मी गमबूट घालून उभा असायचो.' जागा बदलली. हे ज्ञान कुठल्या सल्लागाराकडून मिळणार?

तर स्थानिक माणूस हवाच. पण स्थानिक माणूस आला की त्याच्या मागोमाग गावकी आणि भावकीही येऊन बसते, हे आपण मराठी माणसांनी तरी कबूल करायला हरकत नसावी. आपल्या सोसायट्या, पतपेढ्या, देवस्थानं कशी चालतात हे बघतच मोठे झालो आपण. आणि मोठ्या संस्था यातून सुटल्या आहेत असंही नाही. २००३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्ग राखणाऱ्या बड्या संस्थेच्या व्यवहारांवर लेखमाला छापली. जमीन घ्यायची, तिच्यावर बांधकामाची बंधनं घालायची आणि मग कमी किमतीला विकायची. आणि घेणाऱ्यांत संस्थेचेच विश्वस्त, जवळची माणसं. सिनेटच्या समितीने चौकशी केली, संस्थेने आपल्याच माणसांशी असे व्यवहार बंद केले. आता ना-नफा संस्थांकडून आयकर खात्याला जाणाऱ्या फॉर्म ९९० वर थेट विचारतात: हितसंबंधांबद्दल लेखी धोरण आहे का? हा फॉर्म बोर्डाला आधी दाखवला होता का?

लांबचं कशाला, माझंच सांगतो. तिसऱ्या वर्षी माझ्या एका मित्राला त्याची चार एकर जमीन कराराखाली आणायची होती. मी सभेत तावातावाने बोललो. मोकळी जागा, पक्षी, पुढची पिढी, सगळं झालं. खजिनदारबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, 'यातून लोकांना काय मिळणार? आणि तुम्ही या गृहस्थांना किती वर्षं ओळखता?' मी म्हटलं, वीस. 'मग तुम्ही बाहेर जाऊन बसा. मघाशीच जायला हवं होतं.'

मी व्हरांड्यात वीस मिनिटं बसलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. रस्त्यावरून ती जमीन दिसत नाही, ओढा नाही. वाचणार होता तो मित्राच्या खिडकीतला देखावा, आणि कर. हे मला बाहेर बसल्यावर कळलं असं नाही. आधीपासून माहीत होतं. म्हणून तर एवढं बोलत होतो!

प्रस्ताव फेटाळला. मित्राला सांगायला मीच गेलो, ती चूक झाली, संस्थेने पत्र पाठवायला हवं होतं. पाच महिने तो माझ्याशी बोलला नाही.

लवकरच माझी मुदत संपतेय आणि नियमाप्रमाणे मला बाजूला व्हायचंय. नव्या नावांची शिफारस करायची आहे. मी आजोबांच्या ओळखीतल्या एका सर्व्हेअरबाईंचं नाव दिलं. त्यांची आणि माझी अजिबात ओळख नाही.

मित्राने शेवटी दोन एकर विकले. परवा पाहणीसाठी शेजारच्या जमिनीवर चालत होतो, तर तिथे घराचा पाया खणून झाला होता. मित्र कुंपणापाशी उभा होता. 'काढ फोटो,' म्हणाला. मी म्हटलं, 'तुझ्या बाजूचा काढता येत नाही, कराराबाहेर आहे.' तो हसला, आणि मग हद्दीचा दगड सापडेना म्हणून तोच कुंपण ओलांडून आला शोधायला.