खुलासा : पिनने जोडलेल्या प्रत्येक मेंबरमध्ये केवळ अक्षीय बल नसते

परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांमध्ये सांगाड्यातील मेंबरविषयी, म्हणजे त्याच्या एकेका दांड्याविषयी, ‘टोके पिनने (फिरू देणाऱ्या जोडाने) जोडलेली असतील तर मेंबरमध्ये फक्त ताण किंवा दाब (लांबीच्या दिशेतले, म्हणजे अक्षीय बल) असतो’ असे एक सूत्र फिरू लागते. हे विधान अपुरे आहे. मेंबरवर फक्त त्याच्या दोन टोकांशीच बले येत असतील आणि त्याचे स्वतःचे वजन दुर्लक्षिले असेल, तरच ही दोन बले समान, विरुद्ध व टोकांना जोडणाऱ्या रेषेत असतात. आदर्श ट्रसमध्ये (भार फक्त जोडांवर घेणाऱ्या सांगाड्यात) हे गृहीतच धरलेले असते, फ्रेममध्ये (मेंबरवर टोकांखेरीज इतरत्रही बले येणाऱ्या सांगाड्यात) नसते.

भिंतीला पिनने जोडलेला ३ मीटर लांबीचा आडवा दांडा घ्या. त्याच्या मोकळ्या टोकावर ६ किलोन्यूटन भार आहे, आणि भिंतीपासून २ मीटरवर त्याला पिनने जोडलेला तिरका टेकू १.५ मीटर खाली भिंतीत पिनवर टेकला आहे. भिंतीच्या वरच्या पिनभोवती आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम, बल गुणिले अंतर) घेतल्यास टेकूतील बलाचा उभा घटक ९ आणि एकूण दाब १५ किलोन्यूटन मिळतो. टेकूबाबत सूत्र खरे ठरते. दांड्यावर मात्र तीन ठिकाणी बले आहेत. टेकूच्या जोडाशी त्यात ६ किलोन्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंट (वाकवणारे आघूर्ण) येते. हे सूत्र दांड्याला लावले, तर मोकळ्या टोकावरचा ६ किलोन्यूटनचा उभा भार तोलणारे बलच सापडत नाही, कारण तिथे पोहोचणारा एकमेव मेंबर आडवा आहे.

म्हणून फ्रेममध्ये जोड नव्हे, अख्खा मेंबर सुटा करून त्यावरची बले मांडावीत आणि पिनवरची बले दोन्ही मेंबरांवर समान व विरुद्ध दाखवावीत.